जोडीचे बोंबील

“कोरे योरी सोरे नो होऊ गा ओकी देस,” पूर्वीनं वहीतलं जपानी वाक्य पुन्हा म्हटलं. “म्हंजे, याच्यापेक्षा तो मोठा.”

“यातला ‘पेक्षा’ कुटला?” हिरानं विचारलं. तिचे हात काही थांबले नव्हते.

“योरी. आनि ज्याच्या मागं ‘नो होऊ गा’ लागलं, तो वरचढ.”

“बरी हाय की भाषा. भांडायला सोपी.”

पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायला बांबूच्या मांडवाला दोऱ्या ताणल्या होत्या. हिरा दोन बोंबील उचलायची, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. दोघे सारखेच हवेत. नाहीतर जड असेल तो हलक्याला घेऊन खाली वाळूत येतो. तराजू लागत नव्हता. हिराची नजर पुरायची.

जपानमधल्या एका सुक्या मासळीच्या कारखान्यात एक जागा निघाली होती. बोईसरला जपानी शिकवणाऱ्या शैलेश सरांनी पूर्वीचं नाव सुचवलं होतं. काम मासळीचंच, पण डोक्यावर छप्पर आणि महिन्याला पगार. नवरा गेल्यापासून हिराला या एकुलत्या एका लेकीचाच आधार. तिला पाच वर्षं लांब धाडायचं जिवावर यायचं. तरी पोरीचं बरं व्हावं म्हणून तिनं मन घट्ट केलं होतं, आणि शेंगदाणे भाजता भाजताही पूर्वीकडून वाक्यं म्हणून घ्यायची.

पालघरच्या बाजारातून तिनं जाड स्वेटर आणला. पूर्वीच्या अंगात तो ढगळ झाला.

“मोटाच बरा,” हिरा म्हणाली. “आतून दोन कापडं घालशील.”

“आई, तुजं कसं होनार गं एकटीचं?”

“सा महिने जड जातात. मग सवय होते,” हिरा म्हणाली आणि उगाचच चूल फुंकायला गेली.

मुलाखतीच्या दिवशी सर मोबाइल घेऊन मांडवाखाली आले. पडद्यावर जपानी साहेब होते, पिकल्या केसांचे. पूर्वीनं नावगाव चोख सांगितलं. मग साहेबांनी जोड्या लावून दाखवायला सांगितल्या. पोरीनं घाईत हाताला लागले ते दोन बोंबील उचलले. पहिली जोडी दोरीवर टाकली आणि ती सरसर घसरून वाळूत पडली.

“दोनातला कोनता मोठा, विचारतायत,” सर हळूच म्हणाले.

पूर्वीला एक अक्षर आठवेना. डोळे भरून आले.

मागं बोंबलांची पाटी उपसत बसलेल्या हिराला राहवलं नाही. “कोरे योरी सोरे नो होऊ गा ओकी देस,” ती मान वर न करता म्हणाली, आणि लेकीला धीर यावा म्हणून तिच्या हातातला बोंबील घेऊन जोडी लावून दाखवली. मग दुसरी. मग दहा. दोरी भरली तेव्हा कुठं तिला भान आलं. पडद्यावरचे साहेब पुढं वाकून तिचे हात बघत होते.

ते आठ दिवस हिराला घास गोड लागला नाही. मी कशाला मधी तोंड घातलं? पोरीनं जाऊ नये, असं माझ्याच मनात होतं की काय?

नवव्या दिवशी सरांचा फोन आला. पूर्वी अंगणात उभी राहून ऐकत होती. “खरंच, सर? हो, सर. मी सांगते तिला.”

“झालं का गं काम?” हिरानं धावत येऊन विचारलं.

“झालं.”

हिरानं लेकीच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. हसू आणि रडू एकदमच आलं. तेवढ्यात पूर्वी आत गेली, ट्रंकेतला स्वेटर घेऊन आली आणि तिनं तो आईच्या अंगात चढवला. नेमका बसला.

“अगं, माज्या अंगात कशाला?”

पूर्वीनं गळ्याशी बटण लावलं.

“सा महिने जड जातात, आई,” ती म्हणाली. “मग सवय होते.”