जवाईबापूचा तिसरा गोल

रोमानियात दोरिन पंधरा वर्षं मिडफिल्डला खेळला. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाल्यावर क्लबने त्याला निरोप दिला. आता सौंदडला, बायकोच्या माहेरी, धान कापलेल्या बांधीत तो मॅच खेळत होता. बॉल त्याच्याकडे आला की समोरचे आदराने बाजूला होत. लाऊडस्पीकर म्हणाला, “जवाईबापूचा तिसरा गोल.” दोरिनने तो गोल रद्द करायला लावला. “काऊन?” समोरच्या टीममधल्या साळ्याने, वीरेंद्रने विचारलं. “तू मला अडवलं नाही.” “जवायाले पाडू का? बाबा घरात घेणार नाही.” बायको बांधावरून ओरडली, “पाड त्याले, बाबाले मी सांगीन.” पुढच्याच वेळी वीरेंद्रने त्याला आडवं केलं. दोरिन धसकटांत पडला, गुडघा रक्ताळला. सासरे खुर्चीवरून उठले. “बस झालं जवाईबापू, इथं येऊन बसा.” उठून दोरिनने बॉल वीरेंद्रसमोर ठेवला. सासऱ्यांना म्हणाला, “मामाजी, आत्ता कुठं खेळून राहिलो.”