आज किती उमलली

गारवेलीला अजून एक कळीही धरली नव्हती. त्याने तिचा एक लांब शेंडा खुडला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि बियाण्यांच्या दुकानाची वाट धरली. आपलं कुठे चुकलं, ते त्याला जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

तशी कसर त्याने ठेवली नव्हती. बायको गेल्यावर तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या खणात बियांचं न फोडलेलं पाकीट सापडलं. पाकिटाच्या मागे छापलं होतं तसं त्याने सगळं केलं. काळ्या बिया एकेक करून कानशीवर घासल्या, रात्रभर भिजत ठेवल्या, फुगल्या तेवढ्याच लावल्या. कोंब आले. पहिली पानं मधोमध चिरलेली निघाली, तेव्हा कीड लागली की काय म्हणून त्याने परगावच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, ती तशीच असतात. मग मागच्या भिंतीवर, बायको बांधायची तिथेच, त्याने सुतळ्या ताणल्या. वेल खिडकीच्या वर गेली. हिरवीगार, पण नुसती पानंच पानं.

फुललेली गारवेल त्याने स्वतः कधी पाहिलीच नव्हती. चाळीस वर्षं तो बेकरीत भट्टीवर होता. अंधारात घर सोडायचं ते दुपारी दोनला परतायचं. ही फुलं पहाटे उमलतात आणि अकराच्या आत मिटून जातात. आठवड्याची एक सुटी, ती बारापर्यंत झोपेत जायची. कामावर त्याला सगळे मुका म्हणत, आणि घरी तरी काय वेगळं होतं? कानात पीठ घेऊन यायचा, हातपाय धुवायचा, पानावर बसायचा, जेवून आडवा व्हायचा.

पहिल्या वर्षी बायकोने आपणहून सांगितलं होतं, आज पाच फुलं आली. दुसऱ्या दिवशी घास मोडता मोडता त्याने विचारलं, "आज किती उमलली?" तेव्हापासून ते ठरूनच गेलं. तो विचारायचा, ती आकडा सांगायची. नऊ. चौदा. हंगाम संपला की तेवढंही बोलणं उरायचं नाही. मिटलेली फुलं मी लगेच खुडून टाकते, नाहीतर वेलीचा जोर बी धरण्यात जातो, असं ती म्हणायची. त्याने ते मानलं होतं. उठून मागच्या दारापर्यंत कोण जाणार? पण दुसऱ्या दिवशी भट्टीत साचे सरकवताना, कोणी विचारलेलं नसताना, हाच मुका सांगायचा, "आमच्याकडे काल सतरा."

गेल्या वर्षी तर आकडे चढतच गेले. सव्वीस. एकतीस. वेलीने चांगलं मूळ धरलं, असं त्याला वाटलं होतं. त्याच दिवसांत ती दोन बस बदलून एकटी इस्पितळात जात होती. ते उघडकीला आलं तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मुलीने विचारलं, तुम्हाला काहीच कसं कळलं नाही? तो म्हणाला, तिने सांगितलंच नाही. आणि ते खरंच होतं.

दुकानातल्या बाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि शेंडा उलटसुलट करून पाहिला. पानं बघता तुमचा शेळी पाळायचा विचार दिसतो, असं त्या म्हणाल्या. तो हसला नाही, तशा त्या कामाचं विचारू लागल्या. खत किती घातलं, पाणी कधी देता, ऊन किती वेळ असतं? त्याने सांगितलं, भिंत मागच्या बाजूची आहे, पलीकडे चार मजली इमारत आहे. बाईंनी शेंडा खाली ठेवला. तिथे या वेलीला जन्मात फूल यायचं नाही, म्हणाल्या, तिला डोक्यावर ऊन लागतं.

त्याला ते पटेना. त्याच भिंतीवर बारा वर्षं फुलं येत होती, तो म्हणाला. बायको रोज मोजायची. गेल्या वर्षीचा एकतीसचा आकडाही त्याने सांगितला.

घर कोणतं, असं बाईंनी विचारलं. त्याने खूण सांगितली. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. या वर्षी त्या आल्या नाहीत, बऱ्या आहेत ना, असं त्या जरा दबकतच म्हणाल्या. त्याने काय झालं ते सांगितलं.

बाईंनी तो शेंडा पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळला. मग शब्द जुळवत बोलू लागल्या. त्याची बायको दरवर्षी एक पाकीट न्यायची. खरं तर ही वेल ज्याच्या दारी एकदा फुलली, त्याला बी पुन्हा विकत घ्यावं लागत नाही, इतकं ते आपोआप सांडतं. म्हणून त्यांनी तिला एकदा चिडवलंही होतं. तेव्हा तिच्याकडून कळलं. पहिल्या वर्षी वेल छान फुलली, दुसऱ्या वर्षी ती इमारत उभी राहिली, आणि तेव्हापासून एक फूल नाही. सावलीत येणारं दुसरं काही लावा, असं त्यांनी कितीदा सुचवलं. ती हसून तेच पाकीट उचलायची.

अकरा वर्षांचे आकडे एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

"मग दरवर्षी बी कशाला न्यायची ती?"

"मीही विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "तर म्हणाल्या, 'घरी आल्यावर ते मला एवढं एकच विचारतात.'"