अर्धी गोळी

कलाबाई गुडघेदुखीची गोळी अजूनही मोडून अर्धीच घ्यायची. सिंहस्थाच्या साली तिने उरलेली अर्धी टिप्याला दिली, रोज भाकरीत दडवून. सांधे धरलेला म्हातारा कुत्रा पाच दिवस शेवंतीतून वासरासारखा उधळला. सहाव्या दिवशी रक्त ओकून मेला. “शेजारच्या चिमाजीनंच विष घातलं,” नवरा म्हणाला. तिने पदरातली गोळ्यांची गाठ आणखी आवळली. त्या दिवसापासून बांधावरचं बोलणं तुटलं. आज तोच चिमाजी बांधावर आला, सोबत लंगडणारी कुत्री. “वहिनी, हिचे सांधे धरलेत. तुमचा टिप्या शेवटी लय पळायचा. काय दिलं व्हतं?” कुत्री टिप्यासारखीच पदराची गाठ हुंगू लागली. कलाबाईने गाठ सोडली. “ही माझी गोळी. कुत्रीला देऊ नका, भाऊ. जनावरांच्या डाक्टरकडं न्या. टिप्या हिच्यानंच गेला.” मागे वाफ्यात नवरा शेवंती खुडत होता, ऐकून त्याचे हात थांबले.