खिडकी ललिताबाईंची

"खिडकी मला हवी," ललिताबाईंनी जाहीर केलं.

विमानातल्या सीट निवडणारं प्रियदर्शिनीचं बोट लॅपटॉपवर थबकलं. सासूबाईंची ही सकाळपासूनची चौथी मागणी. व्हीलचेअर झाली, जवळचं टॉयलेट झालं, वरण-भातासारखं मऊ जेवण झालं.

"आई, खिडकी बाबांना आवडते ना? तुम्हाला कडेची सीट बरी. गुडघा मोकळा राहील."

"चाळीस वर्षं एसटीत त्यांनीच खिडकी अडवली. नवीन लग्न झाल्यावर परभणीला निघालो तेव्हा एकदाच मला दिली, तीसुद्धा मला उलट्या होत होत्या म्हणून. आता माझी पाळी."

सोफ्यावर बसलेले रावसाहेब हसले. "दे गं प्रिया तिला. बाहेर काय दिसतं ते ती सांगेल मला. बोलायला तेवढाच विषय."

"टॉयलेट किती रांगा सोडून?" ललिताबाईंनी विचारलं.

"चार रांगा पुढं."

"डाव्या हाताला की उजव्या?"

"आई, विमान आहे ते. त्यात कुणी हरवत नाही. डाव्या."

"चार रांगा पुढं, डाव्या हाताला," रावसाहेबांनी पाढा म्हटल्यासारखं म्हटलं.

प्रियाला हसू आलं. दोघं सिंगापुरातल्या, टॅम्पिनीसच्या या फ्लॅटमध्ये सहा आठवडे राहिली आणि सहा आठवडे अशीच. रोज सकाळी ललिताबाई फोनवर नांदेडचा पेपर मोठ्यानं वाचायच्या, रावसाहेब डोळे मिटून ऐकायचे. खाली फिरायला जाताना ललिताबाई त्यांचा दंड धरायच्या. गुडघ्याला आधार म्हणून. लिफ्टमधली चिनी आजी त्यांच्याकडे बघून दर वेळी कौतुकानं अंगठा उंचावायची. आपण या वयात असे असू का, असं प्रियाच्या मनात येई.

संध्याकाळी उज्ज्वल ऑफिसातून आला तो थेट विषयावरच.

"बाबा, अजून विचार करा. इथं राहायचा पास वाढवून घेऊ. तिथं घरात दोघंच तुम्ही. कशाला जायचं?"

"कशाला म्हणजे? पोरं वाट बघतायत."

नांदेडच्या घराची पुढची खोली म्हणजे रावसाहेबांचं वाचनालय. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते काढलं होतं. संध्याकाळी वस्तीतली दहा-बारा पोरं जमत, पाळीपाळीनं मोठ्यानं वाचत, रावसाहेब खुर्चीत बसून चुका काढत. त्या खोलीबद्दल बोलताना त्यांचा आवाज तरुण होई.

"स्पष्ट सांगतो," उज्ज्वल म्हणाला. "आईच्या गुडघ्याचं मला माहीत आहे. त्याला व्हीलचेअर आहे. तुम्ही ठणठणीत आहात म्हणून सोडतोय. तुम्हालाही काही असतं, तर तिकीट फाडून टाकलं असतं."

"तिकीट फोनमध्ये असतं म्हणे आता. फोन फाडशील?" रावसाहेब म्हणाले.

उज्ज्वल हसला, आणि विषय तिथंच मिटला. ललिताबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सुईत दोरा ओवत होत्या.

औषधांच्या दोन छोट्या कापडी पिशव्यांवर त्या बटणं शिवत होत्या. एकीवर एक, दुसरीवर दोन.

"हे काय, आई?"

"एक बटण सकाळचं, दोन रात्रीचं."

"मी लेबल लावून देते की. रंगीत."

"लेबलं निघतात गं," ललिताबाई म्हणाल्या आणि दातानं दोरा तोडला.

प्रियानं वाद घातला नाही. तिनं पायमोजे, मानेची उशी, आल्याच्या वड्या, हैदराबादला गाडी घेऊन येणाऱ्या भाच्याचा, संजीवचा नंबर, सगळं एका पिशवीत भरलं. मागं एकदा लिफ्ट बंद होती तेव्हा याच ललिताबाई नारळाची पिशवी घेऊन सहा मजले चढून आल्या होत्या, ते तिला उगाच आठवलं. गुडघ्याचं असंच असतं, तिनं मनाशी म्हटलं. एक दिवस बरा, एक दिवस नाही.

शनिवारी चांगी विमानतळावर व्हीलचेअर वेळेवर आली. ती ढकलायला आलेल्या मुलीला रावसाहेबांनी हातानंच थांबवलं.

"आय विल पुश. माय वाइफ."

"सो स्वीट लाह, अंकल!" ती मुलगी म्हणाली आणि बाजूनं चालू लागली.

"बघ," ललिताबाई खुर्चीतून उज्ज्वलला म्हणाल्या, "आयुष्यभर मी यांचा गाडा ओढला. आता म्हणावं ढकला."

उज्ज्वलनं वाकून दोघांच्या पायांना हात लावला. रावसाहेबांचा हात त्याच्या डोक्यावरून गालावर आला, कपाळावरून फिरला, बराच वेळ तिथंच राहिला. उज्ज्वलचे डोळे भरले. "जय भीम, बाबा. पोचल्यावर फोन करा," एवढंच म्हणून तो घाईनं गाडी काढायला निघून गेला.

प्रिया पार्किंगच्या वाटेवर निम्म्यात आली आणि तिच्या हाताला स्वतःच्या पर्समध्ये काहीतरी लागलं. दोन बटणांची पिशवी. रात्रीची औषधं.

ती धावत मागं फिरली. सुदैवानं दोघं अजून आतल्या दाराच्या अलीकडेच होती. बरोबरची मुलगी काउंटरवर कागद दाखवत होती. गर्दीचा गलका होता. ललिताबाई खुर्चीतून उठून ताठ उभ्या होत्या, आणि रावसाहेबांचे दोन्ही हात धरून व्हीलचेअरच्या मुठींवर नीट ठेवत होत्या.

"मी दांडीवर एकदा वाजवलं की डावीकडं, दोनदा वाजवलं की उजवीकडं," त्या सांगत होत्या. "आत्तापर्यंत छान जमलं."

प्रिया धापा टाकत रावसाहेबांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. हातभर अंतरावर. तिनं हसून पिशवी पुढं केली. रावसाहेब थेट तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"ललिता," त्यांनी विचारलं, "प्रिया गेली का गं?"

ललिताबाईंनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. प्रियाचा हात तसाच पुढं राहिला होता. मग तिनं ती पिशवी अलगद सासूबाईंच्या मुठीत ठेवली, त्यांची बोटं मिटवली, आणि पावलं न वाजवता एकेक पाऊल मागं सरली.

"हो," ललिताबाई म्हणाल्या. "आत्ताच गेली."