मिस्त्री

कुमुदिनीनं वर्कशॉपचं कुलूप उघडलं. प्रेस मशिनमध्ये उजव्या हाताची बोटं गेल्यापासून तिचा नवरा जयराम इकडे फिरकला नव्हता. तिनं मात्र आयटीआयमधून पत्र्याच्या कामाचं प्रमाणपत्र मिळवलं होतं.

पहिलंच काम बेकरीच्या धुराड्याच्या पाइपच्या वळणाचं आलं. "मिस्त्री कुठायत?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"मिस्त्री मीच. संध्याकाळी घेऊन जा," ती म्हणाली.

तिनं पत्र्यावर आखणी केली, कात्री चालवली, वळणाचे दोन्ही तुकडे एकमेकांत बसवले. कुठे फट राहिली नाही. वर पाहिलं, तर जयराम दारात उभा. किती वेळ, कोण जाणे.

तो आत आला आणि जोडावरून डावा अंगठा फिरवू लागला. दिवसभरात पहिल्यांदाच तिला धास्ती वाटली.

"रिव्हेट मार," पाइप कवेत घेत तो म्हणाला. "मी धरतो."