गच्चीवरचा सिगार

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कुसगावच्या बंगल्यात पेटी उघडली, तेव्हा आत सिगार नव्हता. सिगार वाळू नये म्हणून ठेवलेला ओला स्पंज तेवढा होता.

पेटीभोवती सहा जण उभे होते. बंगल्याचे मालक आकाश, त्यांच्या सिगार क्लबचे चार सभासद आणि पुण्याहून आलेले परीक्षक अमृत. अमृत अठरा वर्षे सिगार चाखून त्यांवर लिहीत होते. हा सिगार आकाश यांच्या भावाने थेट क्युबातल्या हवानाहून आणला होता. एकच. त्याचे परीक्षण बारा वाजता क्लबच्या संकेतस्थळावर जाणार होते. बैठक खरे तर गच्चीवर ठरली होती. पण राखणदार हौशीरामने पहाटेच बंगल्यातल्या गाद्या, बूट, पायपुसणी असे सगळे ओलसर सामान तिथे उन्हात टाकले होते आणि तो भात कापायला औंढ्याला गेला होता. म्हणून मंडळी दिवाणखान्यात बसली.

पेटी उघडी असतानाच स्वयंपाकघरातून तंबाखू भाजल्याचा वास आला.

गॅसवर तवा होता. तव्यावर काळी पडलेली तंबाखू होती. भागुबाई ती उलथन्याने परतत होत्या. त्या नऊ वर्षे या बंगल्यात स्वयंपाक करतात आणि मागच्या खोलीत राहतात. नोकरी गेली की खोलीही जाते. दर पंधरा दिवसांनी त्या मिसरी भाजतात, चुरून डबीत भरतात आणि रोज सकाळी तिने दात घासतात. हे आकाश यांना माहीत होते. त्या दिवशी आठवले नाही.

"मावशी, काय केलंत हे?"

"मिसरी."

"कशाची?"

"तंबाकूची. आनि कशाची आसती?"

आकाश यांनी रिकामी पेटी पुढे धरली. भागुबाईंनी वाकून आत पाहिले.

"ह्यातलं न्हाई घेतलं मी, सायेब. माजी पुडी हाय. वडगावच्या बाजारातली."

"पुडीचा कागद दाखवा."

"कचऱ्यात टाकला. गाडी घिऊन गेली."

सभासदांनी एकमेकांकडे पाहिले. अमृत पुढे झाले. पान भाजले तरी पानच राहते, ते म्हणाले, आणि आपली जीभ ते ओळखेल.

"क्युबाची निघाली तर मावशी, आजच सामान बांधायचं," आकाश म्हणाले.

"चालतंय. बगा की लावून." भागुबाईंनी गॅस बंद केला, तंबाखू चुरली, डबीत भरली आणि डबी स्वतःच अमृत यांच्या हातात दिली.

अमृत यांनी तीनदा चूळ भरली. चिमूटभर मिसरी जिभेवर ठेवली.

"तसं न्हाई. बोटानं दाताला लावा. आनि थुकी गिळू नका, गरगरंल."

अमृत यांनी सांगितले तसे केले. डोळे मिटले. एका हाताने ओटा धरला. चार मिनिटे गेली. मग ते बेसिनकडे गेले, परत आले आणि वहीत लिहू लागले.

"सुरुवातीला देवदार. मग चामडं. शेवटी किंचित कोको. आणि सगळ्याच्या मागे समुद्राचा वारा." त्यांनी भागुबाईंकडे पाहिले. "वडगावला समुद्र नाही, मावशी."

चारही सभासदांनी मिसरी लावून पाहिली. दोघांना देवदार लागला. तिसऱ्याला मधही लागला. चौथा खाली बसला होता, पण त्यानेही मान हलवली.

अकरा अठ्ठावन्नला परीक्षण प्रसिद्ध झाले. पाचपैकी साडेचार तारे. 'धुराचा अडसर दूर झाला की हवानाचे पान मन मोकळे करते,' हे त्यातले पहिले वाक्य होते. भागुबाईंची डबी आकाश यांनी कपाटात ठेवून कुलूप लावले. भागुबाई मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी गाठोडे बांधायला घेतले.

सव्वा वाजता हौशीराम औंढ्याहून परतला. सामान उलटेपालटे करायला गच्चीवर गेला आणि खाली आला तो हातात ताटली घेऊन. ताटलीत एक सिगार होता. वाळून तडकलेला. कंपनीच्या नावाची सोनेरी पट्टी शाबूत.

"सायेब, ही जाड विडी पार वली झालती. पेटीत कुनीतरी भिजका बोळा ठिवलता. बुरशीच धरली आसती. आता कशी झ्याक पेटंल."

पावसाळा सरला की लोणावळ्याकडे काहीही ओले दिसले तर उन्हात टाकायचे, हा हुकूम त्याला आकाश यांनीच दिला होता.

भागुबाई गाठोडे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. सगळे अमृत यांच्याकडे पाहत होते.

अमृत यांनी सिगार उचलला. कानाजवळ धरून फिरवला. तो करकरला. त्यांनी पट्टी वाचली, वास घेतला. मग खिशातून फोन काढून परीक्षण किती जणांनी वाचले ते पाहिले. सहाशे बारा.

"हा नकली आहे," ते म्हणाले.

मग मध लागलेला सभासद म्हणाला की त्याला तो दुरूनच तसा वाटला होता. बाकीचे तिघे सहमत झाले. आकाश यांनी हौशीरामला विचारले, हा कुठून आणलास?

"आवो, पेटीतनं," हौशीराम म्हणाला. हे त्याने संध्याकाळपर्यंत अकरा वेळा सांगितले.

सिगार पुन्हा ओल्या स्पंजाच्या पेटीत ठेवण्यात आला आहे. मुंबईच्या दोन क्लबांनी उरलेल्या मिसरीची मागणी केली आहे. भागुबाईंना काढायचे की त्यांच्याकडून आणखी भाजून घ्यायचे, यावर निर्णय झालेला नाही. गाठोडे दारातच आहे. डबी कपाटात आहे आणि किल्ली आकाश यांच्याकडे. सोमवारी सकाळी सात वाजेपर्यंत भागुबाईंनी दात घासलेले नव्हते.