गुरुवारची भेट

"एक तरी काम सोडा," डॉक्टरीणबाई दंडावरचा पट्टा सोडवत म्हणाल्या. "मी गोळ्या तरी किती वाढवू?"

"सगळी देवाचीच कामं आहेत हो," टेलरमावशी बाही खाली करत म्हणाल्या.

"देवानंसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला. तुम्ही त्याच्याही पुढे निघालात."

मावशी हसल्या. पण पायऱ्या उतरताना त्यांना कठडा घट्ट धरावा लागला.

दिवसभर शिलाई मशीन. मंगळवारी बायकांची प्रार्थनासभा, शनिवारी वेदीवरच्या कापडांची धुणी-इस्त्री, रविवारी मुलांचा वर्ग आणि लगेच गायनमंडळ. शिवाय गुरुवारी चार वाजता घड्याळकाकांकडे जाणं. नवरा गेल्यापासून तीन वर्षांत मावशींनी कुठल्याच कामाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांची जाऊ म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" टेलरला चिंध्यांची काय भीती, असं म्हणून मावशी ते हसण्यावारी न्यायच्या.

आता मात्र हसू येत नव्हतं. मुलांचा वर्ग, गायनमंडळ, प्रार्थनासभा, काहीच सोडवत नव्हतं. वेदीच्या कापडांना दुसऱ्या कुणी इस्त्री केली की सुरकुत्या राहायच्या. उरला गुरुवार.

तो सोडणं सगळ्यात अवघड होतं. काका ऐंशीचे. एकटे. गुडघ्यांमुळे तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालेलं. नवऱ्याच्या दफनानंतर आठवड्यानं चर्चच्या पाळकसाहेबांनी मावशींच्या हातात चिठ्ठी ठेवली होती: 'घड्याळकाका. दर गुरुवारी, चार वाजता.' दुःखातल्या माणसाला काम दिलेलं बरं, असं साहेबांच्या मनात असेल, म्हणून मावशींनी ती मुकाट्यानं पर्समध्ये टाकली होती. तेव्हापासून एक गुरुवार चुकला नव्हता. आपण गेलो नाही, तर म्हाताऱ्याच्या दारात दुसरं कोण येणार?

पण आज सांगूनच टाकायचं, असं ठरवून त्या तीन जिने चढल्या.

"ये पोरी," काकांनी दार उघडलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं आता हे एकच माणूस उरलं होतं.

खोली लख्ख होती. टेबलावर थर्मास, दोन कप. खिडकीजवळच्या खुर्चीवर उशी.

"केर काढून देते," मावशी म्हणाल्या.

"सकाळीच काढला. बस तू. गोळी घेतलीस?"

"घेतली. काका, मला जरा बोलायचं होतं."

"आधी चहा घे. बोलणं काही निवत नाही."

मावशींनी चहा घेतला. काका डोळ्याला भिंग लावून एका बंद पडलेल्या, उघड्या घड्याळावर वाकले.

"कुणीतरी जास्त चावी दिली असेल," मावशी काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या.

"सगळे हेच म्हणतात. चावीला बिचारीला उगाच बोल. आतलं तेल सुकतं, पोरी. मग कितीही चावी दे."

मावशींच्या ओठांवर आलेलं पुन्हा आत गेलं. नेहमीसारखं त्यांनी बायबल उघडून स्तोत्र वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीवर अक्षरं पुसट झाली.

जाग आली तेव्हा अंगावर शाल होती. काका हलक्या आवाजात भलतंच पुढचं स्तोत्र वाचत होते. मावशींनी दचकून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वीस. म्हणजे पाचच मिनिटं डुलकी लागली! त्यांना हायसं वाटलं. मग लक्षात आलं, खिडकीतलं ऊन पार पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. आणि टिकटिक ऐकू येत नव्हती.

मावशींनी शालीची घडी घातली. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं चालू केली या माणसानं, आणि स्वतःचं बंद पडलेलं त्याला कळतही नाही! याला सोडायचं कसं?

"काका, तुमचं घड्याळ..."

"बघतो मागाहून. तुला काहीतरी बोलायचं होतं ना?"

"काही नाही. पुढच्या वेळी."

दार ओढताना त्यांनी वळून पाहिलं. काका निळ्या वहीत काहीतरी लिहीत होते. त्या निघाल्या की नेहमी लिहायचे. कुणाचं घड्याळ कधी द्यायचं, ते असावं.

शनिवारी मावशी इस्त्री केलेली कापडं घेऊन चर्चमध्ये गेल्या. पाळकसाहेब मागच्या खोलीत कागद लावत बसले होते. मावशींच्या मुलासारखे होते वयानं.

"साहेब, मला गुरुवारचं काम सोडायचंय," मावशी एका दमात म्हणाल्या. "पण आधी काकांसाठी दुसरं कुणीतरी बघा. माझ्याकडून होत नाही. धीर द्यायला जायचं, आणि तिथं जाऊन झोपायचं! परवा तेच झालं. याआधीही झालंय. देवाचीच फसवणूक चाललीय माझी."

"कुठलं काम म्हणालात, मावशी?"

"काकांना भेट द्यायचं. तुम्हीच नाही का चिठ्ठी दिलीत?"

पाळकसाहेबांनी हातातले कागद खाली ठेवले.

"कापडं सोडा. प्रार्थनासभा सोडा. उद्यापासून दुसरं कुणी करेल, मी बघतो. गुरुवार तेवढा सोडू नका."

"काका खचतील ना?" मावशींनी विचारलं.

साहेबांनी खण उघडून एक निळी वही काढली.

"अगंबाई, ही तर काकांची! इथं कशी?"

"काल पाठवली त्यांनी. महिना संपला की भेट देणारे सगळेच आपापली वही पाठवतात."

"भेट देणारे?"

साहेबांनी वही त्यांच्यापुढे सरकवली. मावशींनी पदरानं चष्मा पुसला. कव्हरवर काकांच्या बारीक, रेखीव अक्षरात लिहिलं होतं: 'टेलरमावशी'. त्यांनी शेवटचं पान उघडलं.

'गुरुवार. पोरगी फार थकलेली. साडेचारच्या ठोक्यानं जागी होऊ नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. पाऊण तास झोपली. देवाचे आभार.'